ब्राँकोग्राफी का मागे पडली?

ब्राँकिएक्टॅसिसमध्ये श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. साध्या एक्स-रेत ते बऱ्याचदा निसटतं. म्हणून १९२२ मध्ये सिकार आणि फॉरेस्तिए यांनी श्वासनलिकेत लिपिओडॉल हे आयोडीनयुक्त तेल सोडून एक्स-रे काढले. रुग्णाचे हाल व्हायचे, तरी पुढची अनेक दशकं निदानाची कसोटी हीच. मग सीटी आलं. सुरुवातीला १० मिमी जाडीचे काप घेत. त्यांत बारीक नळ्यांचा आजार सुटायचा, आणि सीटी कमी पडतं असा निष्कर्ष निघाला. दोष यंत्राचा नव्हता, जाडीचा होता! त्या काळातला तुलनेचा पेपर हातात घेतलात तर आधी तेवढा आकडा शोधा. १९८० च्या दशकात काप १-२ मिमीवर आले आणि पारडं फिरलं. रुंद नळी, तिला चिकटलेली छोटी रक्तवाहिनी: छेदात हुबेहूब खड्याची अंगठी, आपल्या गुजरीत मिळते तशी.