मसूरचं ठेसन आणि गिरणीचा धोटा

परवा रातपाळी संपवून सांगलीच्या ठेसनावर पॅसेंजरची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक शिकलेला गृहस्थ पेपर वाचत बसला होता. गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिल्याची बातमी होती. हळहळून म्हणाला, "गिरणगाव गेलं आणि मुंबईतली माणुसकी गेली बघा." मी विचारलं, तुम्ही कुठल्या खात्यात होता? म्हणाला, "मी नाही, वडील होते. हापिसात." मग मीही गप्प झालो. माझा पणजा आणि आज्जा दोघंही रिंग खात्यातले. हापिसातून दिसणारं गिरणगाव आणि रिंग खात्यातून दिसणारं गिरणगाव एकच असेल असं मला वाटत नाही.

दोस्तहो, गिरण्यांच्या शहरावर माया करणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलंय. भोंगा, भजनी मंडळ, खानावळ, दहीहंडी. नाकं मुरडणाऱ्यांनीही लिहिलंय. धूर, गटार, दहा बाय दहाची खोली, तिच्यात पाळीपाळीनं झोपणारी पंधरा माणसं. दोन्ही खरं आहे. पण आपल्या लोकांना असलं शहर का आवडलं आणि का सलत राहिलं, हे त्यात सापडत नाही. ते शोधायला लालबागपर्यंत जायची गरज नाही. आपल्या सातारा-सांगलीच्या रेल्वेलाईनवरच सुरुवात करता येते.

ही पुणे-मिरज लाईन. तिच्यावर मसूर नावाचं ठेसन आहे, सातारा जिल्ह्यात. 1901 साली तिथं चार पोरं उतरली. एक भीमराव, एक त्याचा भाऊ आणि दोन भाचे. आई साताऱ्यातच वारलेली. बाप, रामजी सुभेदार, खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार. पोरांनी नवे कपडे घातलेले. साताऱ्याहून गाडीत बसताना सगळं झ्याक होतं. मसूरला न्यायला कुणी आलं नाही, कारण पत्रच पोचलं नव्हतं. ठेसनमास्तरनं चौकशी केली. पोरं चांगल्या कपड्यातली, त्याला वाटलं बामणाची असतील. पोरांनी खरी जात सांगितली आणि मास्तरचा चेहराच पडला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. शेवटी एक तयार झाला. अट काय? बैल पोरांनी हाकायचे, तो पायी चालणार. रात्री नाक्यावर पाणी मिळालं नाही. डब्यात भाकरी असून पोरं उपाशी झोपली.

हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, तुम्ही वाचलं असेल. मला त्यातली एकच गोष्ट इथं धरायची आहे. आगगाडीनं पोरांना तिकीट दिलं. जात विचारली नाही. पैसे घेतले आणि नेलं. यंत्र संपलं आणि बैलगाडी सुरू झाली, तिथं जात सुरू झाली. नऊ वर्षांच्या पोराला हे मसूरच्या ठेसनावर कळलं.

आता त्याच रुळावरून खाली चला. मसूर सोडलं की शिरवडे, मग कऱ्हाड. हे कऱ्हाडचं ठेसन गावाबाहेर, ओगलेवाडीत. भीमराव मसूरला उतरला त्याला पंधरा वर्षं झाली आणि 1916 साली औंध संस्थानाच्या जमिनीवर ओगले बंधूंनी इथं काचेचा कारखाना घातला. प्रभाकर कंदील इथला. महाराष्ट्रात असं खेडं नव्हतं की जिथं तो गेला नाही. त्याच्याही आधी, 10 मार्च 1910 ला, पुढच्या कुंडल रोड ठेसनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला. बेळगावातनं त्यांना जागा सोडावी लागली होती. औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळ दिला, कर्ज दिलं. लोखंडी नांगर झाला. शेतकरी आधी म्हणायचे, लोखंडानं जमिनीला विष चढतं. मग घ्यायला लागले. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा लक्ष्मणरावांचा दंडक होता, आणि त्या काळात तो लहान नव्हता. तो कारखाना आजही चालू आहे, पंप करतो.

पण मधेच एक सांगतो. नांगर लोखंडाचा झाला, नांगरायची जमीन कुणाची होती? आपल्या वाट्याला वतनाचा तुकडा. त्याच्या बदल्यात गावकीची सगळी वेठ, मेलेलं ढोर ओढण्यापासून सांगावा पोचवण्यापर्यंत. ते वतन कायद्यानं जायला 1958 उजाडावं लागलं. आणि वाड्यांची नावं बघा. किर्लोस्करवाडी, ओगलेवाडी. भट्टीपुढं उभा राहून ज्यानं काच फुंकली, त्याच्या नावाची वाडी कुठं आहे?

ह्या वाड्यांत सगळे मावणार नव्हते. आमच्यातले बहुतेक त्याच लाईननं उलटे वर गेले, पुण्याकडनं मुंबईला. काही तर चालत गेले. अण्णाभाऊ साठे 1920 ला वाटेगावात जन्मले. तेव्हा तो सातारा जिल्हा होता. 1949 ला दक्षिण सातारा झाला आणि 1960 ला सांगली. अण्णाभाऊ आईबापाबरोबर पायी मुंबईला गेले, गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले. शाळा दीड दिवसाची. 1958 ला दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, तेव्हा उद्घाटनाला हाच माणूस उभा होता. वाटेगावात राहिले असते तर?

म्हणून गावाचं कौतुक ऐकलं की माझं डोकं फिरतं. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनी गावाचे गोडवे गाणाऱ्यांना काय सुनावलं ते काढून वाचा. मुंबई आपल्याला आवडली ती समुद्रासाठी नव्हे. नाक्यावर चहा पिताना कप कुणी वेगळा काढत नव्हतं, ट्राममध्ये शेजारी बसलेला आडनाव विचारत नव्हता, यासाठी आवडली. पगार तर होताच. पण महिन्याचा पगार आणि बलुत्याची भाकर ह्यात फरक आहे. पगार मोजून घेता येतो. भाकर वाकून घ्यावी लागते.

मग ती सलत का राहिली? कारण जात रेल्वेत शिरली नाही, गिरणीत शिरली.

माझा पणजा रिंग खात्यात होता. तिथं सूत निघतं. त्याच्या पुढचं साचेखातं, जिथं कापड विणतात. साचेखात्यात पगार जास्त. पण तिथं आपल्याला बंदी. कारण तोंड! धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घालतो आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घेतो. महाराच्या तोंडाला लागलेला धोटा मराठा विणकर कसा तोंडाला लावणार? बाटला की! वाफेवर चालणारी गिरणी, इंग्लंडचे साचे, मालक पारशी, गुजराथी आणि इंग्रज, वर लाल बावटा. आणि सगळं अडलं कुठं? एका भोकापाशी. मी स्वतः सूतगिरणीत काम करतो. तुटलेला धागा सांधताना बोट नकळत जिभेला लागतं, तेव्हा दरवेळी पणजा आठवतो.

1928 चा संप सहा महिने चालला. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांपुढं हाच सवाल ठेवला. आमची माणसं तुमच्याबरोबर उपाशी मरतात, तर साचेखातं आमच्यासाठी उघडा, ही मागणी यादीत घाला. पुढाऱ्यांनी ओढूनताणून घातली. कामगारांची एकी म्हणून घसा फोडणाऱ्यांना हा एक प्रश्न गिळता येईना. दहा वर्षांनी, फेब्रुवारी 1938 मध्ये, मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढं बाबासाहेब बोलले. कामगाराचे दोन दुश्मन सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपल्यातले काहीजण आजही ह्यातला एकच दुश्मन लक्षात ठेवतात. कुठला, ते ज्याच्या त्याच्या पक्षावर अवलंबून.

आज्जा 1960 ला मुंबईला गेला, बदली म्हणून. त्यालाही रिंगच. मी एकदा विचारलं, तुमच्या वेळी तर कायदा झाला होता, मग साचेखातं का नाही?

"आरं, कायदा व्हता की," आज्जा म्हणाला. "पर माणसं जॉबर आत घेत व्हता. आन जॉबर आपल्या गावची, आपल्या भावकीची घ्यायचा. आपला जॉबर कवा झालाच न्हाय."

"मग गिरणी वाईटच म्हणायची."

"वाईट कशी? लेका, बावीस वर्सं मला कुणी 'आरं ए' म्हनलं न्हाय. पानवालासुदिक तात्या म्हनायचा."

खोलीत तूस उडून त्याला दमा जडला होता. वरळीच्या बीडीडी चाळींत आपली माणसं बहुतेक आपल्याच चाळींत. 1974 च्या जानेवारीत तिथं दंगल पेटली, पँथर भागवत जाधव मारले गेले, आज्जा तेव्हा पोरं घेऊन तीन रात्री जागा होता. हे सगळं तोच सांगायचा, आणि तोच म्हणायचा की मुंबई लई ग्वाड. मला आधी वाटायचं, म्हातारा चळलाय. आता वाटतं, तो हिशोब करत होता. दोन्ही बाजू मांडून.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. साठाहून जास्त गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते, एक लोकांच्या मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. 2001 ला नियम असा फिरवला की दोन वाटे फक्त रिकाम्या जमिनीपुरते राहिले. 2006 ला सुप्रीम कोर्टानंही तेच उचलून धरलं. इकडं आपल्या लाईनवर माधवनगरची कॉटन मिल बंद पडली. वीज आली, कंदील मागं पडला आणि ओगलेवाडीची भट्टीही विझली.

आज्जा 1983 ला बायकोपोरं, एक ट्रंक आणि दमा घेऊन मसूरला उतरला. आमचं गाव तिथनं सात कोसांवर. वेशीत पाटलाच्या पोरानं हाक मारली, "काय रं, आलास व्हय माघारी?" पोराचं वय वीस, आज्जाचं त्रेचाळीस. बावीस वर्षांचा तात्या त्या एका हाकेत संपला. पगार गेला त्याचं तो मरेपर्यंत कधी बोलला नाही. ह्या हाकेचं मात्र शंभर वेळा बोलला.

आता मी सांगलीत आहे. गेल्या वर्षी खोली बघायला गेलो. मालक गोड बोलला, भाडं सांगितलं, पाणी किती वाजता येतं तेही सांगितलं. मग म्हणाला, "पूर्ण नाव सांगा." सांगितलं. "घरात विचारून कळवतो." अजून विचारतोय. हा गृहस्थ गिरण्या बंद पडल्याचं ऐकून हळहळणाऱ्यांतलाच असेल.

तर काम असं आहे. ओगलेवाडी, माधवनगर, मुंबईहून परतलेले, ह्या तिन्हींतले म्हातारे आता थोडे उरलेत. त्यांना पगार किती होता एवढंच विचारू नका. कुठलं खातं, कुठला नळ, खोलीत कोण कोण, खानावळीत पंगत कशी, भोंगा बंद झाल्यावर गावात पहिली हाक कुणी कशी मारली, हे विचारा. येत्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं मी मसूरला निघतो, दुपारी ओगलेवाडी. येणाऱ्यांनी भाकरी बांधून आणा, आणि मोबाईल चार्ज करून. म्हातारी माणसं एकदा बोलायला लागली की दोन तास थांबत नाहीत.