कर्णधार आणि कर्ण

इंदूर नगरीत ‘कर्णधार’ हा शब्द उच्चारला की जुन्या मंडळींच्या डोळ्यांपुढे कर्नल सी. के. नायडू यांची उंचीपुरी मूर्ती उभी राहते. १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर आपल्या देशाच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व त्यांनी केले आणि १९६७ साली ह्याच नगरीत देह ठेवला. परंतु क्रीडांगणावर येण्यापूर्वी हा शब्द कित्येक शतके पाण्यावर वावरत होता. संस्कृतात ‘कर्ण’ शब्दाचा एक अर्थ नौकेचे सुकाणू असा आहे. ते जो धारण करतो तो कर्णधार. धारण करणाऱ्याचा गौरव आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. जे धारण करावयाचे त्या कर्णाची विचारपूस मात्र क्वचितच झाली. तो लाकडालोखंडाचा असतो, खाऱ्या पाण्यात झिजतो, आणि तो झिजला म्हणजे कर्णधार कितीही निष्णात असो, निरुपाय होतो. ह्या झिजेचा आणि तिच्या डागडुजीचा वृत्तान्त वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, असा आमचा हेतू आहे.

समुद्रापासून शेकडो मैल आत, माळव्याच्या पठारावर बसलेल्या आम्ही ह्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, ज्या मल्हाररावांनी येथे होळकरांची सत्ता उभारली, ते १७३९ साली चिमाजी अप्पांबरोबर वसईच्या मोहिमेत होते. माळव्याच्या घोड्यांनी सागराची गाज ऐकलेली आहे. दुसरे असे की, आपल्यापैकी अनेक कुटुंबांची मुळे कोकणात व गोमंतकात आहेत. सोळाव्या शतकात धर्मसंकट ओढवले तेव्हा श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास गेली. मध्ये जुवारीचे विस्तीर्ण पात्र आहे. देवाची मूर्ती ज्या होडीत बसविली, तिच्या पाठच्या टोकालाही दिशा सांभाळणारा कोणी तरी बसलेला होताच.

प्राचीन काळी हे दिशा देण्याचे काम वल्हेच करीत असे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पूर्णावदानाच्या चित्रात तीन डोलकाठ्यांचे एक गलबत रंगविलेले आहे. त्याच्या पाठच्या बाजूस कडेला लोंबणारी रुंद पात्याची सुकाणूवल्ही स्पष्ट दिसतात. अशा वल्ह्याची झीज होते ती मुख्यतः ते जेथे दोराने बांधलेले असते तेथे. काठी व कड यांच्या घर्षणाने दोर तुटतो, लाकडाला खाच पडते. पण त्यात एक मोठी सोय आहे : वल्हे वर ओढून घेता येते, दोर भर समुद्रात बदलता येतो, आणि पाते मोडले तर जहाजावरच दुसरे तासता येते.

पुढे सुकाणू जहाजाच्या पाठीमागच्या मध्यभागी आले. चीनमध्ये इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतच ते आढळते. युरोपात बाराव्या शतकाच्या सुमारास खुंटी व कडी यांवर फिरणारे सुकाणू रूढ झाले. आपल्या भाषेतील ‘सुकाणू’ हा शब्द अरबी ‘सुक्कान’ पासून आला. पश्चिम किनाऱ्यावरील माणसे अरबांशी केवळ घोड्यांचा व मसाल्यांचा व्यवहार करीत नव्हती, शब्दांचाही करीत होती, ह्याचा हा पुरावाच होय. सुकाणू धरणाऱ्या खलाशास ‘सुकाणी’ म्हणत. इंग्रजांच्या तोंडी त्याचे ‘सीकनी’ झाले आणि त्यांच्या जहाजांवरही ते नाव चालले.

नवी रचना बळकट खरी, पण तिची दुरुस्ती अवघड. दाराला जशी बिजागरी, तशी सुकाणूला खुंटी व कडी. ती पाण्याखाली असतात; त्यांस हात लावावयाचा तर जहाज कोरड्यावर घ्यावे लागते. म्हणूनच आंग्र्यांच्या आरमाराच्या काळात विजयदुर्गाजवळ, वाघोटणच्या खाडीवर गिर्ये येथे, कातळात खोदलेली गोदी तयार झाली. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावे आणि पाणी उतरल्यावर तळाचे काम करावे, अशी ही व्यवस्था. कान्होजी आंग्रे १७२९ साली निवर्तले; १७५६ साली पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत तुळाजींचे आरमार जळाले. जहाजे गेली, पण ती गोदी आजही पाहावयास मिळते. जो आपल्या जहाजांची डागडुजी करण्याची सोय आधी करतो तोच खरा दर्यावर्दी, हा धडा तो कातळ मुकाट्याने देत आहे. सामान्य तारवटींची रीतही हीच होती. पावसाळ्यात पडाव व मचवे वर ओढून ठेवावे, लाकूड व दोर तपासावे, आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा करून नव्या हंगामास निघावे.

आता झीज ओळखावी कशी? अर्वाचीन शिडाच्या बोटीवर पुष्कळदा चक्र असते. चक्र फिरविले की साखळी व तारेचा दोर कप्प्यांवरून ओढला जातो, आणि तो सुकाणूच्या उभ्या आसाला वळवितो. ह्या साखळीत जितके सांधे, तितक्या झिजण्याच्या जागा. एकाने चक्र घट्ट धरावे, दुसऱ्याने खाली सुकाणूचे पाते हलवून पाहावे. पाते हलले आणि चक्राला त्याची दाद लागली नाही, तर मधला एखादा सांधा सैल झाला आहे असे समजावे. पाते वरखाली किंवा आडवे डुगडुगले, तर आसाभोवतालचा बुश झिजला आहे. तारेच्या दोरावरून कापडाची चिंधी फिरवावी. जेथे ती अडकते तेथे तारेचा एखादा पेड तुटलेला असतो, आणि असा दोर सांधण्याच्या भरीस न पडता बदलावा हेच उत्तम. कप्पी दोराच्या रेषेत नसली तर नवा दोरही थोड्याच दिवसांत कापला जातो. दोन निराळ्या धातू खाऱ्या पाण्यात एकमेकींस लागून राहिल्या तर त्यांतील एक दुसरीला खाते; म्हणून खुंटी बदलताना धातूचाही विचार करावा लागतो. मुख्य गोष्ट ही की, भाग मध्यावर सहसा मोडत नाही; दोन भाग जेथे भेटतात तेथेच प्रथम झिजतो.

हे केवळ गोदीतले शास्त्र नव्हे. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. ‘सुहैली’ ही मुंबईत बांधलेली सुमारे ३२ फुटांची सागवानी बोट. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ह्या इंग्रज खलाशाने १९६८–६९ साली एकट्याने, कोठेही न थांबता, ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारा तो पहिलाच पुरुष. ऑस्ट्रेलियाच्या परिसरात त्याची आपोआप दिशा राखणारी योजना निकामी झाली. उरलेला प्रवास त्याने शिडांचा तोल साधून व स्वतःच्या हाताने सुकाणू धरून पुरा केला. पुढे आपल्या नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी २०२२ साली जुन्या घडणीच्या बोटींच्या अशाच शर्यतीत उतरले. वाऱ्याच्या बळावर सुकाणू सांभाळणाऱ्या त्यांच्या यंत्राचे पाते मोडले, तेव्हा त्यांनी बोटीतील शौचकूपाचे दार कापून नवे पाते तयार केले, आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने शर्यत पुरी केली. अजिंठ्याच्या काळचा नाविक ज्या रीतीने नवे पाते तासत असेल, तीच ही रीत.

गोमंतकास विशेष अभिमान वाटावा अशी कथा ‘तारिणी’ ची आहे. दिवाडी बेटावरील गोदीत ती बांधली गेली, आणि ओडिशातील तारातारिणी ह्या नाविकांच्या रक्षणकर्त्या देवीवरून तिचे नाव ठेवले. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलातील सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या. केपटाऊनहून स्वदेशी परतताना हिंदी महासागरात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. घर आता जवळ होते. तसेच रेटून पुढे जाण्याचा मोह पडावा असाच तो प्रसंग. परंतु त्यांनी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराकडे वाट वळविली, दुरुस्ती करून घेतली, आणि २१ मे २०१८ रोजी, २५४ दिवसांनी, गोव्यास सुखरूप परतल्या. तीच ‘तारिणी’ २ ऑक्टोबर २०२४ रोजी दोन महिला अधिकाऱ्यांना घेऊन पुन्हा जगाच्या फेरीस गेली व २९ मे २०२५ रोजी परत आली. थांबून केलेल्या दुरुस्तीचे याहून चांगले फळ कोणते?

ह्याच दिवाडीच्या कारागिरांनी, केरळीय शिवणकरांच्या साह्याने, अजिंठ्यातील चित्रावरून काथ्याने शिवलेले एक गलबत घडविले. २०२५ च्या मे महिन्यात कारवार येथे ‘कौंडिण्य’ ह्या नावाने ते नौदलात दाखल झाले. त्यास चक्र नाही, मागे टांगलेले सुकाणूही नाही. चित्रात आहेत तशी सुकाणूवल्ही आहेत. डिसेंबरअखेर पोरबंदराहून निघून ते जानेवारी २०२६ मध्ये मस्कतास पोचले. भिंतीवरचा कर्ण दीड हजार वर्षांनी पुन्हा पाण्यात उतरला.

मागे ओंकारेश्वरी नर्मदा ओलांडताना आम्ही एका वृद्ध नावाड्यास पाहिले. पल्याड पोचल्यावर त्याने उतारूंचे पैसे मोजण्यापूर्वी वल्ह्याचा दोर चाचपला, आणि सैल झालेला वेढा सोडून पुन्हा आवळला. आम्हांस ती पूजाच वाटली. जुन्या देवालयाचा जीर्णोद्धार नवे देवालय बांधण्याहून अधिक पुण्याचा, अशी आपल्याकडील समजूत आहे. अहिल्यादेवींनी काशीपासून सोमनाथापर्यंत आपले आयुष्य व धन ज्या कार्यी वेचले, ते ह्याच श्रद्धेने. भिंत पडण्याची वाट न पाहता तडा गेला तेथेच चुना भरावा, दोर तुटण्याची वाट न पाहता पेड सुटला तेव्हाच तो बदलावा. मंदिर असो की गलबत, त्याच्या कर्णधाराचे नाव शिलालेखात येते. परंतु कर्ण तपासणारा हात थांबला, तर शिलालेख वाचावयास कोणी तीरावर पोचणार नाही.