खबर होती, पण ब्रिजपर्यंत पोहोचली नाही

आजचा विषय समुद्राचा, आणि बोलणारा मी लष्करातला, म्हणजे जमिनीवरचा माणूस. तरीही हा विषय घेतला, कारण फौजेत आयुष्यभर एक गोष्ट मनावर बिंबवली जाते. निर्णय घेणाऱ्याच्या हातात वेळेत न पडलेली खबर, ही खबर नसतेच. समुद्राने हाच धडा जगाला फार महागात शिकवला.

टायटॅनिकला पुढच्या बर्फाची कल्पनाच नव्हती, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. १४ एप्रिल १९१२ रोजी दिवसभर तिच्याकडे बर्फाचे बिनतारी संदेश येत होते. रात्री ९:४० च्या सुमारास मेसाबा या जहाजाने तर बर्फाच्या पट्ट्याचे अक्षांश-रेखांशही कळवले. पण बिनतारी खोलीत प्रवाशांच्या खासगी तारांची गर्दी होती. वाचलेल्या अधिकाऱ्यांच्या साक्षीनुसार तो संदेश ब्रिजवर पोहोचलाच नाही. त्यात समुद्र अगदी शांत. हिमनगाच्या पायथ्याशी लाट फुटली असती, तर टेहळ्याला ती पांढरी रेषा दिसली असती. तीही नव्हती. ११:४० ला धडक झाली. सुमारे दीड हजार माणसे गेली.

आता विचार करा. बर्फ पाहिलेली जहाजे होती, बिनतारी यंत्र होते, नकाशे होते. नव्हते ते एवढेच, की हे सगळे एका टेबलावर आणणारे कोणी.

लंडनच्या परिषदेत २० जानेवारी १९१४ रोजी 'सोलास' करार झाला. बर्फ दिसला की इतरांना कळवणे कप्तानावर बंधनकारक झाले. आंतरराष्ट्रीय हिमगस्त उभी राहिली. काम अमेरिकेचे, खर्च मात्र देशांनी वाटून घ्यायचा.

पण नुसती गस्त पुरत नाही. शत्रूची तुकडी काल कुठे दिसली, यापेक्षा ती उद्या कुठे असेल हे महत्त्वाचे. हिमनगाचेही तसेच. ग्रीनलँडच्या हिमनद्यांतून सुटलेला हिमनग लॅब्राडोर प्रवाहाबरोबर दक्षिणेला येतो. तो कुठे जाईल, हे प्रवाह आणि वारा ठरवतात. तो किती दिवस टिकेल, हे पाण्याचे तापमान आणि लाटा ठरवतात. म्हणजे बर्फाचा अंदाज हवा असेल, तर हवामान आणि समुद्र दोन्ही समजून घ्यावेच लागतात. म्हणून गस्तीच्या लोकांनी पाण्याचे तापमान आणि क्षारता मोजायला सुरुवात केली. त्यांच्यातला एडवर्ड स्मिथ हा अधिकारी तर नॉर्वेत बर्गनला जाऊन सागरविज्ञान शिकून आला. १९४६ पासून विमाने मदतीला आली.

तरी फट राहिलीच. ३० जानेवारी १९५९ रोजी हान्स हेडटॉफ्ट हे डेन्मार्कचे नवे जहाज पहिल्याच फेरीत, परतताना, ग्रीनलँडच्या टोकाजवळ हिमनगावर आदळले. ९५ जण होते. कोणीच वाचले नाही. हिमगस्तीचे क्षेत्र न्यूफाउंडलंडजवळचे. इथे ती नव्हतीच. त्याच वर्षी डेन्मार्कने ग्रीनलँडसाठी बर्फाच्या माहितीची वेगळी सेवा उभारली. २०११ मध्ये आर्क्टिकसाठी पाच नवी क्षेत्रे कार्यान्वित झाली आणि नॉर्वे, कॅनडा, रशिया यांच्यावर इशाऱ्यांची जबाबदारी आली. टायटॅनिकनंतर हे व्हायला जवळपास शंभर वर्षे लागली.

आपला याच्याशी काय संबंध? आपल्या किनाऱ्यावर हिमनग येत नाहीत, पण फट तीच आहे. २०१७ च्या ओखी वादळाच्या वेळी केरळ-तमिळनाडूचे अनेक मच्छीमार खोल समुद्रात होते. तिथे मोबाइल चालत नाही. इशारा किनाऱ्यावर राहिला. काही नौकांनी थेट आपल्या देवगडला आसरा घेतला. अनेक जण परतलेच नाहीत. पुढे २०१९ मध्ये हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेच्या सहभागातून जेमिनी हे उपकरण आले. वादळाचा आणि लाटांचा इशारा त्यातून उपग्रहामार्गे थेट नौकेवर पोहोचतो.

उपग्रह, बोया, संगणक, सगळे हवेच. पण साखळीची शेवटची कडी म्हणजे सुकाणू धरलेला माणूस. कोणत्याही यंत्रणेची तपासणी करताना मी आधी तिथेच जाऊन पाहीन, की त्याच्या हातात काय पडले आणि केव्हा पडले. जय हिंद.