टिंबांचा जमाखर्च
मराठी शुद्धलेखनाचे वाद मुख्यतः टिंबांचे आणि वेलांट्यांचे आहेत. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे आणि त्यावाचून दफ्तरांचे काही अडलेही नाही. छपाईबरोबर देवनागरी रुळली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले, आणि चूक ठरवायला आधार मिळाला.

त्या काळी ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असे लिहीत. ‘पांच’वरचे टिंब ‘पंच’ या मुळाची खूण. पण उच्चारात ते उरले नव्हते, म्हणून पाठ करावे लागे. मराठी साहित्य महामंडळाच्या १४ नियमांना १९६२ मध्ये शासनमान्यता मिळाली आणि असे अनुस्वार गेले. ‘कवि’, ‘गुरु’ हे शब्द दीर्घान्त झाले. ‘आणि’ मात्र ऱ्हस्वच राहिला. ‘आणी’ पाहून आज कपाळाला आठ्या पडतात, त्याचे मूळ बहुधा या अपवादात असावे. टिंबे गेल्याने एक सोयही झाली: ‘घरात’ एकवचन, ‘घरांत’ अनेकवचन. पूर्वी दोन्हींवर टिंब असे.

१९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून संख्या १८ झाली. जुन्या वळणाच्या वाचकांना मात्र टिंबाविना ‘नाव’ म्हणजे होडीच वाटत राहिली.