इंग्लंडमधील जुने शेतघर: एक ओळख

इंग्लंडच्या वास्तुकलेचा अभ्यास सहसा कॅथीड्रल, किल्ले आणि सरदारांचे वाडे यांपासून सुरू होतो. केंट आणि ससेक्समधली शेतकऱ्यांची घरे त्यात मागे पडतात. गावच्या सुतारांनी ओकच्या ओल्या लाकडातून उभारलेली ही घरे पाच-सहाशे वर्षे टिकली आहेत. आज त्यांतल्या अनेक घरांचा शेतीशी संबंध उरलेला नाही; पण माणसे तिथे आनंदाने राहतात. एवढ्या दीर्घ वस्तीचा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे.

त्यासाठी आधी मूळ मांडणी ध्यानात घ्यावी. पंधराव्या शतकातल्या अशा घराच्या मधल्या खणांत थेट छपरापर्यंत उघडे दालन असे. जमिनीवरच चूल पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. एका टोकाला कोठीच्या खोल्या, दुसऱ्या टोकाला कुटुंबाची खाजगी जागा. लाकडी सांगाड्यातल्या भिंती आपल्या कोकणातल्या कुडासारख्या, काटक्या विणून त्यांवर माती-शेण लिंपलेल्या असत.

सोळाव्या शतकापासून विटांची धुराडी आली. धुराला वेगळी वाट मिळताच उघड्या दालनात मजला घालून वर खोल्या करता आल्या. म्हणजे आजच्या मालकाने केलेला बदल हा या घराचा पहिला कायापालट नव्हे. प्रश्न फक्त तो कसा करावा, हा आहे. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेल्या वास्तुरक्षक संस्थेने जुने पाडून नव्याने घडवण्याऐवजी वेळोवेळी डागडुजी करण्याचा आग्रह धरला. त्याला व्यवहाराचाही आधार आहे: चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटआड ती कोंडते आणि लाकूड कुजते.

नव्या वाचकांनी आरंभ बेलीफ या घरापासून करावा. केंटमधल्या चिडिंगस्टोनजवळचे हे घर जलाशयाखाली जाणार होते. ते सुटे करून ससेक्समधल्या सिंगलटनच्या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभारले आहे. तिथे उघडे दालन प्रत्यक्ष पाहता येते. मग एखाद्या राहत्या घरात जाल, तेव्हा दिवाणखान्यात रेंगाळण्याआधी पोटमाळ्यावर चढा. वासे काजळीने काळवंडलेले दिसले, तर खाली एकेकाळी उघडी चूल होती, हे तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही. घराचा दर्शनी भाग अनेकदा बदलतो. छप्पर सहसा खरे सांगते. अभ्यासाची सुरुवात तिथूनच करा.