अश्वपरीक्षा : लक्षण आणि गति

आष्टें व कृष्णाकाठचीं इतर गांवें येथें गाड्यांच्या शर्यती जुंपण्यापूर्वींच जाणते लोक जनावर पारखून अदमास बांधतात. घोड्याच्या पारखीचा हा प्रश्न फार जुना आहे. चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासां'त (शके १०५१, इ. स. ११२९) अश्वक्रीडेस 'वाजिवाह्यालीविनोद' असें स्वतंत्र प्रकरण आहे, नकुल व जयदत्त यांच्या नांवांवरील अश्वशास्त्राचे ग्रंथही प्रसिद्ध आहेत.

परंतु येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. गळ्यावरील देवमण किंवा पंचकल्याणीचे पांढरे पाय हीं चिन्हें घोडा धन्यास लाभेल कीं नाहीं, एवढेंच सांगतात. तो पुढें येईल कीं नाहीं, हें सांगत नाहींत. त्यासाठीं गतीच पाहिली पाहिजे. अमरकोशांतील अश्वाच्या पांच 'धारां'पैकीं शेवटची 'प्लुत', म्हणजे उडी. अडथळ्यांवरून उड्या घेत धांवण्याच्या शर्यतींत भोंवरा कामास येत नाहीं. मागील पायांचें बळ, उडीनंतर तोल सांवरणें आणि अखेरपर्यंतचा दम, हींच प्रमाणें.

संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, शालिहोत्राचें बाड हातीं आल्यास भोंवऱ्यांचीं चित्रें तेवढीं राखून गतीचीं पानें टाकूं नयेत. चित्रांत समजूत दिसते. पारख्याचा अनुभव त्या पानांतच सांपडावयाचा.