पैसे आईच्या हातात

कोकणातल्या कित्येक घरांची चूल एके काळी मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पेटत असे. ती मनीऑर्डर कुणाच्या नावानं येते, यावर मुलांच्या ताटात काय पडणार हे बरंचसं ठरायचं. ब्रिटनमध्ये १९४५ साली असाच प्रश्न थेट पार्लमेंटमध्ये गाजला. त्यामागे एलिनॉर रॅथबोन या बाईंची पंचवीसहून अधिक वर्षांची खटपट होती. आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

रॅथबोनबाईंचा जन्म १८७२ चा, लिव्हरपूलच्या सधन व्यापारी घराण्यातला. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि सरकार सैनिकांच्या बायकांना भत्ता देऊ लागलं. मुलं जास्त, तर भत्ताही जास्त. लिव्हरपूलमध्ये या कुटुंबांना मदत पोचवण्याचं काम रॅथबोनबाई बघत. ठरलेली रक्कम नेमानं आईच्या हाती पडली, की मुलांच्या खाण्याकपड्यांत फरक पडतो, हे त्यांना तिथं उमगलं.

एरवी कारखान्यात अविवाहिताला आणि पाच मुलांच्या बापाला मजुरी सारखीच. म्हणजे पाळणा हलला की घरातली ओढाताण वाढायची. मूल वाढवणं हे साऱ्या समाजाचं काम आहे, तेव्हा त्याचा काही भार समाजानं उचलावा, असं त्या म्हणू लागल्या. १९१७ साली त्यांनी काही सहकाऱ्यांसह एक समिती स्थापन केली. १९२४ साली ‘द डिसइन्हेरिटेड फॅमिली’ हे पुस्तक लिहिलं. १९२९ मध्ये त्या खासदार झाल्या, तेव्हाही हा विषय त्यांनी सोडला नाही.

विरोध तर होणारच! कामगार संघटनांना वाटे, भत्ता मिळू लागला तर मालक मजुरी कापतील. काहींना वाटे, बाप आळशी होतील. रॅथबोनबाई सभांमधून, पत्रकांमधून एकेका शंकेचं उत्तर देत राहिल्या. त्यांच्या पुस्तकानं ज्यांचं मत पालटलं, त्यांत विल्यम बेव्हरिज होते. १९४२ च्या त्यांच्या गाजलेल्या अहवालात मुलांच्या भत्त्याला मानाचं स्थान मिळालं.

१९४५ साली विधेयक आलं, पण पैसे बापाच्या नावानं! बाईंनी बजावलं, असं असेल तर मी या विधेयकाच्या विरोधात मत देईन. जन्मभर ज्यासाठी झगडल्या, त्यालाच नकार द्यायची ही तयारी. अखेर सरकारनं माघार घेतली. दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकी आठवड्याला ५ शिलिंग आईला मिळावेत, असा कायदा झाला.

६ ऑगस्ट १९४६ पासून पोस्टात हे पैसे मिळू लागले. ते बघायला रॅथबोनबाई नव्हत्या. २ जानेवारी १९४६ रोजी त्यांचं निधन झालं होतं.

मला या इतिहासातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. आधी लोकांना पटवावं लागतं, तेव्हा कायदा होतो. आणि कायदा, योजना झाल्यावरही ती लोकांना सांगावीच लागते. आपल्या राज्यात अनाथ आणि एकल पालकांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात तिची माहिती मिळते. तुमच्या आळीत एकटीनं मुलं वाढवणारी एखादी आई असेल, तर तिच्या कानावर हे नक्की घाला.